फळ्यावरचा पहिला नंबर

तुमच्या एका हातात हा अंक आणि दुसऱ्या हातात बेसनाचा लाडू असणार, हे मला इथूनच दिसतंय. राहू द्या, मी काही म्हणणार नाही. भाऊबीज झाली की आपली भेट आहेच. दर वर्षी दिवाळी उरकली की सोलापुरातली बरीच मानाची माणसं आमच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढतात आणि बाकावर टेकायच्या आधीच सांगतात, "काय बी खाल्लं न्हाई ओ. नुस्ती चव बघितली." मग बोट पुढे करतात.

त्या बोटाला टोचणं हा माझा व्यवसाय. मधुमेहाच्या दवाखान्यात गेली एकोणीस वर्षं मी हेच करतोय. डॉक्टरबाईंनी मला मदतनीस म्हणून ठेवलं, पेशंट लोकांनी परस्पर कंपाउंडर करून टाकलं, आणि तिकडे भंडारा जिल्ह्यात माझी आई सांगते की भोजराज 'मोठ्या डॉक्टरीत' आहे. शिक्षण नववी, तीही पूर्ण नाही. गणिताच्या सरांनी आणि मी एकमेकांना बरंच सहन केलं, मग मी मोठ्या मनानं माघार घेतली.

काम बाहेरून सोपं दिसतं आणि आतूनही सोपंच आहे. टोचायचं बोटाच्या टोकाला नाही, कडेला. टोकाला दुखतं. पहिला थेंब कापसानं पुसायचा, दुसरा पट्टीवर घ्यायचा. पाच सेकंदांत यंत्रावर रक्तातल्या साखरेचा आकडा येतो. उपाशीपोटी शंभरच्या आसपास आला तर ठीक, दोनशेच्या वर गेला तर बाईंचं व्याख्यान, आणि सत्तरच्या खाली आला तर हातातलं काम टाकून बाईंना सांगायचं. हा शेवटचा नियम नीट लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

ती पाच सेकंदं मात्र बघण्यासारखी असतात. कारखान्याचा मालक असो की भाजीवाली, चेहरा दहावीच्या निकालाला उभं राहिल्यासारखा. मी स्वतः दहावीपर्यंत पोचलोच नाही, त्यामुळे हा चेहरा समोरून बघायला मला फार आवडायचा. खोटं कशाला बोलू?

माळशिरसकडचे एक काका आकड्याचा भाव करायचे.

"एकशे नव्वद लई होतंय ओ. एकशे साठ लिवा की."

"काका, ही मंडई नाही."

"असं कसं? सकाळचं पयलं गिऱ्हाईक हाय मी."

एका निवृत्त साहेबांचा आकडा एकदा चारशे ऐंशी आला. त्यांनी जागेवरून पुण्याच्या मुलाला फोन लावून कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगितलं. मी म्हटलं, साहेब, हात धुऊन या. आले. एकशे साठ. सकाळी देवाला पंचामृत घालून साहेब तसेच आले होते, बोटाला मध. मुलगा तोवर पुण्याहून निघाला होता. साहेब माझ्यावर चिडले, की हात धुवायला आधी का नाही सांगितलं. बरोबर आहे, साबणाचा शोध मीच दडवून ठेवला होता.

आणि एका गृहस्थांनी तर स्वतःच्या नावावर धाकट्या भावाला पाठवलं. पकडल्यावर म्हणाले, "रक्त एकच की, एका आईचं." धाकट्याचीच साखर दोनशे साठ निघाली. आता दोघंही येतात, आपापलं बोट घेऊन.

हे सगळं सांगताना मला हसू येतं, पण मला लिहायचं होतं ते इस्माईलभाईंबद्दल. त्यांच्याकडे वळायला उशीर करतोय, कारण तिथे हसण्यावारी नेता येत नाही. म्हणजे नेतो मी, सवय आहे.

मी सोलापुरात आलो तो चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगचं काम आहे म्हणून. ठेकेदारानं आम्हा सहा जणांना भंडाऱ्याहून आणलं. तो खोटं बोलला नव्हता, काम खरंच होतं. फक्त ते दुसऱ्यांना देऊन झालं होतं. बाकीचे पाच जण परत गेले. मला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून मी कारखान्याच्या फाटकाशी दोन दिवस बसून राहिलो. फाटक उघडून कोणीतरी आत बोलावेल, असा माझा हिशोब. गणितात नापास का झालो, ते यावरून कळेल.

मी मुळात घाबरट माणूस. दार वाजलं तरी छातीत धडधडतं, फोन वाजला तरी तळहाताला घाम येतो. पण दुसऱ्या दिवशी दुपारी हात असे कापायला लागले की पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरेना. तेवढ्यात टॉवेलांचे गठ्ठे भरलेला एक टेम्पो थांबला. चालवणाऱ्यानं खिडकीतून मान काढली.

"काय रं, कापायलाईस का? ताप हाय?"

"नाही."

"जेवलास?"

"हो."

"कवा?"

मी बोटांवर दिवस मोजायला लागलो.

"चल, बस वर."

ते इस्माईलभाई. त्यांनी मला दोन कप चहा पाजला, ज्यात चहा कमी आणि साखर जास्त होती. मग बायकोनं, म्हणजे शमीमभाभींनी, दिलेला स्वतःचा डबा पूर्ण माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मला आज भूकच न्हाई." त्यांना दुपारी कधीच भूक नसायची. कोणीतरी जेवायचं राहिलेलं दिसलं की हमखास नसायची. मी डब्यात भात शोधला, त्यावरून त्यांनी माझं नाव भातखाऊ ठेवलं.

त्यांच्या आईला तेव्हा बाईंचं औषध चालू होतं. बाईंना पाणी भरायला, झाडायला माणूस हवा होता. संध्याकाळच्या आत मी नोकरीला लागलो. म्हणजे स्वतःची साखर कमी पडली म्हणून मधुमेहाच्या दवाखान्यात लागलेला मी पहिलाच उमेदवार असेन. माझी तेवढीच पात्रता होती. झाडू मारता मारता बाईंनी मला टोचायला शिकवलं, वही भरायला शिकवलं, आणि माझे हात कापतात हे त्यांना दिसत असूनही कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत. या दोन माणसांचं देणं मी कसं फेडलं, ते आता सांगतो.

पुढे काही वर्षांनी इस्माईलभाईंना आईचाच आजार लागला. आधी गोळ्या, मग सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. दर मंगळवारी ते माझ्याकडे बोट द्यायचे. आणि त्याच सुमारास मला फळ्याची कल्पना सुचली.

शेजारची शिकवणी बंद पडली, तिचा फळा मी मागून आणला आणि बाकांसमोर टांगला. वर लिहिलं, 'या आठवड्याचा पहिला नंबर'. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी, त्याचं नाव फळ्यावर. बाई म्हणाल्या, "लोकांना हुरूप येतोय ना, असू द्या." हुरूप तर असा आला की विचारू नका. लोक आदल्या दिवशीच जेवण सोडायला लागले. बायका एकमेकींना विचारायच्या, "तुमच्या ह्यांचं किती आलं?" नववीत शाळा सुटलेल्या माणसाच्या हाती खडू दिला की तो काय करतो, याचा हा नमुना. मी अक्षर वळणदार काढायचो. पहिल्या नंबरवाल्याला 'शाबास' म्हणायचो. मला आयुष्यात ते कोणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते वाटण्यात मला भारी आनंद.

तोवर इस्माईलभाईंनी माझं नाव बदलून मास्तर केलं होतं. आणि मास्तरांचा लाडका विद्यार्थी तेच. होटगीचे एक निवृत्त रेल्वेवाले त्यांच्या मागेच असायचे, पण अकरा आठवडे सलग फळ्यावर इस्माईलभाई. बहात्तर, अडुसष्ट, त्रेसष्ट. बाईंनी दोनदा डोस उतरवला. इस्माईलभाईंनी दोनदा मान डोलावली आणि जुनाच चालू ठेवला. दुपारी तर त्यांना भूक नसायचीच.

त्रेसष्ट आला तेव्हा मी उठलो होतो, खरंच. बाईंच्या दारापर्यंत गेलो.

"मास्तर," मागून दबक्या आवाजात हाक आली. "बाईस्नी नको सांगू. डोस कमी करतील, आकडा वाढंल, आन त्यो होटगीवाला फुडं जाईल."

"पण तुम्हाला काही होतंय का? घाम? चक्कर?"

"काय बी न्हाई. घोड्यावानी हाय."

आणि खरंच काही होत नव्हतं. वर्षापूर्वी असाच पासष्ट आला होता तेव्हा त्यांचा सदरा ओला झाला होता, हात लटलटत होते आणि "अरे, काय तर दे खायला" म्हणून ते माझ्यावर ओरडले होते. आता त्रेसष्टला शांत. मी काय समजलो? प्रकृती सुधारली. मी त्यांना चार बिस्किटं दिली, वहीत बारीक अक्षरात लिहिलं, 'खाऊन गेले', आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'इस्माईलभाई'. वही बाई महिन्यातून एकदा बघायच्या. मधले मंगळवार माझ्या ताब्यात होते.

मग तो मंगळवार आला. सकाळचे आठ वाजले होते. इस्माईलभाई आले, बोटात टेम्पोची किल्ली फिरवत. होटगीवाल्यांना चिमटा काढून झाला, माझ्या टकलावर एक शेरा मारून झाला. मी टोचलं. एक्केचाळीस.

यंत्र बिघडलं असणार. माझंच बोट टोचलं. शहाण्णव. पुन्हा त्यांचं. एकोणचाळीस.

"इस्माईलभाई, बसा. हलू नका."

"किती आला?"

"एकोणचाळीस."

"लई भारी! लिव की फळ्यावर. थांब, गाडी आडवी लावलीय, जरा सरकवून येतो."

आता मी काय करायला हवं होतं हे तुम्हाला, म्हणजे लाडू खात बसलेल्या माणसालाही, कळलं असेल. किल्ली हिसकावायची, साखर तोंडात घालायची, बाईंना हाक मारायची. मी खडू उचलला. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बाईंना मी सांगितलं, साखरेचा डबा आणायला वळलो होतो. नाही बाई, मी खडूकडे वळलो होतो. हात आपोआप गेला. 'इ' काढून झाला आणि बाहेर धाडकन आवाज आला.

टेम्पो समोरच्या रसवंतीच्या गाड्यात घुसला होता. रसवाला बर्फ आणायला गेला होता, म्हणून वाचला. त्याच्या जागी त्याचं स्टूल होतं, ते वाचलं नाही. इस्माईलभाई स्टिअरिंगवर डोकं टेकून पडले होते. डोळे अर्धे उघडे, सदरा कोरडा. गळ्यापाशी हात लावला तर घामाचा टिपूस नाही. ज्या जिल्ह्यात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते अडतात, तिथे उसाच्या गाड्यावर आदळून माझा माणूस साखरेवाचून पडला होता.

गर्दी जमायला वेळ लागला नाही. सोलापूर आहे, मदतीला कमी नाही. कोणीतरी उरलेला रस पेल्यात आणला. "पाजा पाजा, शुगरवाला हाय त्यो!" एकानं तोंड उघडायला जबडा धरला. तेव्हा मात्र मी ओरडलो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतायचं नसतं, ते श्वासनळीत जातं. एवढं एक बाईंनी शिकवलेलं मला त्या वेळी आठवलं. बाई धावत आल्या, तिथेच चाकाशी गुडघे टेकून त्यांनी शीर शोधली आणि ग्लुकोज दिलं. पाचेक मिनिटांत इस्माईलभाईंनी डोळे पूर्ण उघडले. आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, गाडीला काय झालं न्हाई न्हवं?"

बाई रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, खाली येतो. इस्माईलभाईंना आत झोपवल्यावर त्यांनी वही उघडली, माझी सगळी 'खाऊन गेले' वाचली आणि इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"भोजराज, मेंदूला साखर लागते हे तुम्हाला माहिती आहे. पण त्याच्याकडे साठा नसतो. मिनिटामिनिटाला रक्तातून लागते. कमी पडली की शरीर घंटा वाजवतं. हात कापतात, घाम येतो, धडधडतं, भूक लागते. ही घंटा आहे, आजार नव्हे. कळतंय?"

"हो बाई."

"आता आपल्या शहरात पाणी किती दिवसांनी येतं?"

"चार-पाच दिवसांनी."

"पहिल्यांदा एक दिवस चुकला तेव्हा लोक ओरडले. मग दोन दिवस. मग लोकांनी टाक्या मोठ्या केल्या, थोडक्यात भागवायला शिकले. आता पाच दिवसांनी आलं तरी कोणी ओरडतं का?"

"नाही."

"मग पाणी भरपूर आहे का?"

मी नाही अशी मान हलवली.

"मेंदू तसाच शिकतो. पुन्हा पुन्हा साखर कमी पडली, की आहे त्यातलीच जास्त ओढून घ्यायला लागतो, आणि घंटा वाजवायचं सोडून देतो. साठला वाजायची ती पन्नासला, मग चाळीसला, मग वाजतच नाही. माणूस हसतोय, बोलतोय, गाडी चालवतोय, आणि पुढच्या मिनिटाला आडवा. त्यांना काही होत नव्हतं, म्हणून तुम्हाला वाटलं ते बरे आहेत?"

मी फळ्याकडे बघत होतो. त्यावर नुसता 'इ' होता. बाईंनी पण बघितला.

"फळा माझ्याच भिंतीवर होता," त्या म्हणाल्या. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

निकाल असा लागला. घंटा परत येऊ शकते. पण तीन आठवडे साखर एकदाही सत्तरच्या खाली जाता कामा नये. दोनशे झाली तरी चालेल, पण खाली नको. तोवर टेम्पो बंद. आणि घंटा परत आलीच नाही तर टेम्पो कायमचा बंद, बाई तसं लिहूनच देणार होत्या. इस्माईलभाईंनी हे ऐकलं आणि छताकडे बघत राहिले. टेम्पोशिवाय त्यांना काही येत नव्हतं. मला टोचण्याशिवाय येत नाही, तसंच.

संध्याकाळी भाभी आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"भोजराज, तू मेरे बेटे सरीका. पर वो फळा तू इच लटकाया नं?"

"हो भाभी."

"तो अब तू इच बैठ इनके पास. मेरा सुनते नई. और वो फळा मेरेकू दे."

मला वाटलं, चुलीत घालणार. नाही. त्यांच्या घरी पाण्याच्या मोठ्या पिंपाला झाकण नव्हतं. फळा बरोबर बसला.

इस्माईलभाई रोज सकाळी दवाखान्यात येऊन बसायला लागले, कारण घरी भाभींना ते आणि त्यांना भाभी सहन होईनात. दिवसातून चार-पाच वेळा मी टोचायचो. ते कापसाचे बोळे करायचे, नंबराप्रमाणे लोकांना हाका मारायचे, आणि बोटात टेम्पोची किल्ली अडकवून ठेवायचे. टेम्पो हलायचा नाही, किल्ली मात्र ड्युटीवर. बाईंनी ती मागितली नाही, माझी हिंमत झाली नाही.

बाराव्या दिवशी सकाळी आकडा आला दोनशे बारा. नेमके होटगीवाले बाकावर.

"किती आला रं इस्माईल?"

"दोनशे बारा."

"अरारारा! तू, आन दोनशे बारा?"

झालं. त्या माणसानं एवढंच केलं. दुपारी जेवणाआधी मी टोचलं तर चोपन्न. इस्माईलभाई त्या वेळी मला गिअरचं तेल कधी बदलावं ते समजावत होते. घाम नाही, काही नाही. सरबत पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, वर आला. मग विचारलं तेव्हा कबूल केलं. दोनशे बारा सहन न होऊन घरी जाऊन चार युनिट जास्त टोचून आले होते. बाईंनी वहीवर आडवी रेघ मारली. "आज पहिला दिवस. पुन्हा मोजा."

मी आयुष्यात कोणावर ओरडलेलो नाही. ओरडायच्या आधीच मला घाम फुटतो. त्या दिवशी फुटला, तरी ओरडलो. आणि घाबरलो की माझ्या तोंडून गावाकडची बोली येते.

"काऊन पाहिजे तुम्हाला पहिला नंबर? आं? नापास व्हा ना जरा! मी झालो नाही का? मेलो का? दोनशे बारा तर दोनशे बारा! नापास होऊन तुमच्या टेम्पोत बसलो मी, तुमचा डबा खाल्ला, जगलो ना बाप्पा!"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. इस्माईलभाई किल्लीकडे बघत होते.

"तूच देत हुतास की नंबर," ते म्हणाले.

टोमणा नव्हता तो. नुसतं सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघंही कापसाचे बोळे करत राहिलो. त्या दिवशी केलेले बोळे पुढे पंधरा दिवस पुरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, बोट पुढे केलं आणि आकडा मी सांगायच्या आत स्वतः वाचला. "दोनशे पाच. नापास."

"शाबास," मी म्हटलं.

मग ते रोजचंच झालं. एकशे नव्वद, नापास, शाबास. होटगीवाले एकदा म्हणाले, ह्या दवाखान्यात कायतरी उलटंच शिकवायलेत. इस्माईलभाई म्हणाले, "तुमाला बी घालतो शाळंत. बसा." आणि त्यांचा आकडा बघितला तर अडुसष्ट. या वेळी मी खडू शोधला नाही. आधी साखर दिली, मग धावत बाईंकडे गेलो. होटगीवाल्यांचा पहिला नंबर गेला, आणि डोसही उतरला.

नव्यानं मोजलेले तीन आठवडे एकदाही खाली न जाता पार पडले. बाईंनी हळूहळू आकडे थोडे आवळायला सुरुवात केली. पण घंटेचा पत्ता नव्हता, कारण ती वाजते की नाही हे कळायला साखर थोडी तरी उतरायला हवी, आणि मुद्दाम उतरवायची नाही. म्हणजे भूकंपाची वाट बघत बसायचं आणि भूकंप होऊ नये म्हणून नवसही करायचा. मी दोन्ही करत होतो. भाभी पण.

चौथ्या आठवड्यातल्या एका दिवशी इस्माईलभाईंच्या गल्लीत पाणी आलं. पाणी आलं की त्या दिवशी घरात दुसरं काही होत नाही, फळा बाजूला ठेवून पिंप भरतात, बादल्या भरतात, वाट्यासुद्धा भरतात. डबा यायला दुपारचे अडीच वाजून गेले. मी वही भरत होतो. समोर इस्माईलभाई पट्ट्यांच्या रिकाम्या डब्या रचत होते. आणि टेबलावर कसला तरी बारीक आवाज यायला लागला. किणकिण, किणकिण. मी पंख्याकडे बघितलं.

"भातखाऊ," इस्माईलभाई म्हणाले. कितीतरी वर्षांनी हे नाव. "उकडायलंय का रं आज? मला लई घाम यायलाय. आन छातीत कायतर…"

आवाज किल्लीचा होता. टेबलाच्या काठाला त्यांचा हात टेकलेला, बोटात किल्ली, आणि हात कापत होता. खळ्ळ करून डब्या कोसळल्या. त्यांनी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला आणि एखाद्या परक्या माणसाचा असावा तसा बघत राहिले. कपाळावरून एक थेंब ओघळून भुवईत शिरला.

मी टोचलं. पाच सेकंदं. सहासष्ट.

सहासष्टला घंटा वाजली होती! आधी चाळीसला न वाजणारी!

"कापायलाय!" ते ओरडले. "बघ की रं, माझा हात कापायलाय!"

"हो! लई कापायलाय!" मी सोलापुरीत ओरडलो. सरबत करायला गेलो, पाणी घेतलं, साखर घेतली, चमचा काही केल्या ग्लासात जाईना. कारण माझेही हात कापत होते, पण ते तर आयुष्यभर कापतातच, माझी घंटा आग नसतानाही वाजते. मी ग्लास पुढे केला. त्यांनी धरला. एका ग्लासाला आमचे चार हात, आणि चारातला एकही स्थिर नाही. निम्मं सरबत त्यांच्या पोटात गेलं, निम्मं टेबलावर. फाटकाशी बसलो होतो तेव्हा माझा हात कापताना यांना दिसला होता, म्हणून हे थांबले होते, हे मला तेव्हा आठवलं. तोंड उघडलं असतं तर फजिती झाली असती.

दंगा ऐकून बाई बाहेर आल्या. यंत्रावरचा आकडा बघितला. इस्माईलभाईंचा ओला सदरा बघितला, हाताला हात लावून बघितला. मग म्हणाल्या, "पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचा. अजून महिनाभर चाकाला हात नाही. आणि भोजराज, टेबल पुसून घ्या." इतका जल्लोष करून त्या आत गेल्या.

महिन्यानं इस्माईलभाईंनी टेम्पो बाहेर काढला. आता किल्ली लावायच्या आधी ते बोट टोचतात, शंभरच्या खाली असेल तर आधी खातात, आणि दुपारी त्यांना भूक लागते. लागली नाही तर भाभी लावतात. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. समोर ते घाम पुसत बसले होते, किल्ली हळूहळू गप्प होत होती, आणि मी फडकं घेऊन ते चिकट टेबल पुसत होतो. फळासुद्धा मी इतका निगुतीनं कधी पुसला नव्हता.